दिल्लीतली दोन चर्चेस आणि पप्पांची वही

पप्पा दिल्लीला येणार म्हणून मी यादी करून ठेवली होती. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट आणि तब्येतीने साथ दिली तर एक दिवस आग्रा. पप्पांनी चष्मा लावून यादी वाचली, दोनदा वाचली, आणि विचारलं, "रविवारी उपासनेला कुठं जायचं?"

आम्ही मूळचे नगरचे. अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळीतले. पप्पा गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले त्यालाही तेरा वर्षं झाली. आमच्या घरात रविवार यादीत लिहावा लागत नसे, बाकीची यादी रविवारभोवती बसवावी लागे. दिल्लीत येऊन मला नऊ वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत माझे बरेच रविवार झोपेत गेले. पण पप्पांसमोर तसं कसं म्हणणार? "तुम्हाला राष्ट्रपती भवनाच्या शेजारच्या चर्चमध्ये नेते," असं मी म्हणून टाकलं.

जानेवारीचा तिसरा आठवडा, धुकं आणि प्रजासत्ताक दिनाच्या तयारीचे अडथळे. द्वारकेहून निळ्या लाइनच्या मेट्रोने राजीव चौक, तिथून पिवळ्या लाइनने पटेल चौक, पुढे ऑटो. गुरुद्वारा रकाबगंजचा पांढरा घुमट धुक्यात अर्धा दिसत होता. दोन ठिकाणी पोलिसांनी थांबवलं. "कहाँ जाना है?" पप्पा मफलर सोडवत प्रत्येकाला सांगत होते, "प्रार्थना करने." एका तरुण शिपायाने त्यांच्याकडे बघून हात जोडले आणि ऑटो सोडली. तुम्ही जाणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा आणि अर्धा तास हाताशी ठेवा, विशेषतः जानेवारीत.

कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन हे त्याचं नाव, पण जुनी माणसं अजून 'व्हाइसरॉयचं चर्च' म्हणतात. चर्च रोडच्या टोकाला, नॉर्थ अव्हेन्यूच्या खासदार निवासांना लागून. एका बाजूला संसद, एका बाजूला राष्ट्रपती भवन. 1927 मध्ये काम सुरू झालं, 1931 मध्ये उपासना सुरू झाली आणि 1935 मध्ये बांधकाम पुरं झालं. वास्तुविशारद हेन्री मेड. व्हेनिसमधलं पलाडिओचं एक चर्च त्याच्या डोळ्यांसमोर होतं म्हणतात. मला व्हेनिस माहीत नाही. मला एवढंच दिसलं की खिडक्या खूप उंचावर आहेत, म्हणजे दिल्लीचा उन्हाळा आत उतरू नये. जानेवारीत मात्र तोच दगड पायातून वर चढतो. पप्पांनी मोजे दोन जोड घातले होते.

उपासना हिंदीत होती. शास्त्रपाठ झाले, उपदेश झाला, मग मध्यस्थीच्या प्रार्थना. एक बाई पुढे आल्या आणि कागदावरून वाचू लागल्या. आजाऱ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी, सीमेवरच्या जवानांसाठी. मग राष्ट्रपतींसाठी, प्रधानमंत्र्यांसाठी, मंत्रिमंडळासाठी, न्यायाधीशांसाठी, दिल्ली सरकारसाठी. "हे प्रभू, हमारी सुन."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नगरला 'राष्ट्रपती' म्हणजे शाळेच्या भिंतीवरची तसबीर. तिच्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे जवळजवळ पाऊस यावा म्हणण्यासारखं. इथे तसं नव्हतं. ज्यांची नावं घेतली जात होती ते चालत येण्याच्या अंतरावर राहत होते, नाश्ता करत असतील, वर्तमानपत्र चाळत असतील. एवढ्या जवळून कोणासाठी प्रार्थना करताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

शेजारी पप्पांनी वही उघडली. ही वही आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेची दोनशे पानी, तपकिरी कागदाचं वेष्टण, दर काही वर्षांनी नवी. डाव्या पानावर घरची आणि मंडळीतली माणसं, उजव्या पानावर पप्पांच्या शब्दांत 'अधिकारपदावरचे'. वरून खाली राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, तहसीलदार, आमच्या भागाचा ठाणेदार, शाळेचे आताचे मुख्याध्यापक. निवडणूक झाली की जुन्या नावावर एक रेघ आणि पुढे नवं नाव. मत कोणाला दिलं हे पप्पांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण वहीतली रेघ निकालाच्या दिवशीच पडायची, मग जिंकणारा त्यांच्या पसंतीचा असो वा नसो.

आणि सगळ्यात खाली एक नाव गेली तेरा वर्षं आहे. त्याच्यावर मात्र रेघ पडलेली नाही. ते नाव दिसताच मी मान वळवून वेदीकडे बघू लागले. त्याच्याकडे नंतर येते.

उपासनेनंतर चहा होता. पप्पांनी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना गाठलं आणि पाच मिनिटांत दोघांचं 1970 वर आलं. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. इंग्रजांचं अँग्लिकन चर्च आणि आमचं मिशनचं चर्च तेव्हापासून एका छत्राखाली आलं. पप्पा त्या वेळी सोळा वर्षांचे होते. "आमच्याकडे छापील प्रार्थना नसायच्या," ते सांगत होते, "जे मनात येईल ते. यांच्याकडे मात्र पुस्तक." त्या पुस्तकात इंग्लंडच्या राजासाठीची प्रार्थना ठरलेली असे. भारत प्रजासत्ताक झाला, तेव्हा राजा गेला आणि त्या जागी राष्ट्रपती आले.

चहाचा कप हातात धरून मी त्या बाकांकडे बघत होते. 1931 ते 1947 या काळात तिथे कोणाकोणासाठी प्रार्थना झाल्या असतील? आयर्विन, विलिंग्डन, लिनलिथगो, वेव्हेल, माउंटबॅटन. लिनलिथगोच्या काळात 'चले जाव' झालं, हजारो माणसं तुरुंगात गेली, बंगालमध्ये भुकेने माणसं मेली. आणि दर रविवारी इथे कोणीतरी म्हणत असणार की प्रभू, आमच्या व्हाइसरॉयना सुबुद्धी दे. मागच्या बाकावर एखादा हिंदी ख्रिस्ती कारकून बसला असेल, त्याचा भाऊ येरवड्यात असेल. तो 'आमेन' म्हणाला असेल का?

आयर्विनची गोष्ट तर फारच विचित्र आहे. हे चर्च व्हावं म्हणून त्याने विशेष लक्ष घातलं होतं. माणूस धार्मिक होता, हे त्याच्या विरोधकांनीही नाकारलं नाही. 23 डिसेंबर 1929 ला क्रांतिकारकांनी दिल्लीजवळ त्याच्या खास गाडीखाली बॉम्बस्फोट केला. तो वाचला, आणि त्याच दिवशी गांधीजींना आणि इतर पुढाऱ्यांना भेटला. त्याने या चर्चला चांदीचा क्रूस दिला तो जीव वाचल्याच्या आभारासाठी, असं सांगतात. आठवड्याभरात लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे गांधीजींनी बॉम्बहल्ल्याचा निषेध करणारा आणि व्हाइसरॉय सुखरूप राहिल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करणारा ठराव मांडला. विरोध बराच झाला, तरी थोड्या मतांनी तो संमत झाला. आणि याच अधिवेशनाने संपूर्ण स्वराज्याची मागणी केली. तू जगलास हे बरं झालं, आता आमच्या देशातून जा. दोन्ही एकाच मांडवात.

मी हे सगळं पप्पांना सांगितलं आणि लगेच पुढचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय राहवेना. 5 मार्च 1931 ला गांधी-आयर्विन करार झाला आणि 18 दिवसांनी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू फासावर गेले. फाशी थांबवणं आयर्विनच्या हातात होतं. त्याने थांबवली नाही. राजगुरू म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचा मुलगा.

"अशा माणसासाठी काय मागायचं, पप्पा?"

पप्पांनी कप खाली ठेवला. "खेडला मी गेलोय," ते म्हणाले. "वाडा पाहिलाय." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारी आम्ही कश्मीरी गेटला गेलो. पटेल चौकातून त्याच पिवळ्या लाइनने सरळ, गाडी बदलावी लागत नाही. पप्पांना नेण्यामागे माझा हेतू असा की नवं चर्च होण्याआधी व्हाइसरॉय जिथे जात ते सेंट जेम्स त्यांनी पाहावं. शिवाय त्यात एक मराठी धागा आहे. आणि स्टेशनबाहेर छोले-कुलचे चांगले मिळतात.

पिवळसर रंगाची, घुमटाची, क्रूसाच्या आकाराची ही इमारत कर्नल जेम्स स्किनरने स्वतःच्या पैशाने बांधली. 1836 मध्ये तिचं समर्पण झालं. बाप स्कॉटिश, आई राजपूत, त्यामुळे कंपनीच्या फौजेत त्याला अधिकारी होता येईना. तो गेला महादजी शिंद्यांच्या वेळेपासून द बॉयनने उभ्या केलेल्या फौजेत. म्हणजे दिल्लीतलं सगळ्यात जुन्यांपैकी एक चर्च बांधणाऱ्या माणसाने तलवार चालवायला सुरुवात केली ती मराठ्यांच्या चाकरीत. 1800 साली उणियाराच्या लढाईत जखमी होऊन तो रणांगणावर पडून राहिला. जगलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस त्याने तिथे केला म्हणतात. एका गरीब बाईने त्याला पाणी आणि भाकरी दिली. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा बाप ब्रिटिश म्हणून शिंद्यांच्या फौजेने त्याला काढून टाकलं. एकाने आईकडे बघून नाकारला, दुसऱ्याने बापाकडे बघून. पप्पांना हा माणूस फार आवडला.

आवारात कबरी आहेत. विल्यम फ्रेझर, दिल्लीचा बडा इंग्रज अधिकारी, 1835 मध्ये गोळी घालून मारला गेला. थॉमस मेटकाफ, 1853. दोघेही एकेकाळी या शहराचे मालक असल्यासारखे वागले. घुमटावरचा तांब्याचा गोल आणि क्रूस 1857 च्या गोळीबारात चाळणी झाला, तो जपून ठेवला आहे. पप्पा त्याच्याभोवती दोन वेळा फिरले आणि भोकं मोजायला लागले. गणिताचे मास्तर.

आत भिंतीवर 1857 मध्ये मेलेल्यांच्या स्मृतिशिला आहेत. इंग्रज नावांच्या गर्दीत एक नाव डॉक्टर चमनलाल यांचं. ते आणि मास्टर रामचंद्र या दोघांचा बाप्तिस्मा 1852 मध्ये याच चर्चमध्ये झाला. रामचंद्र दिल्ली कॉलेजात शिकवत. गणितातल्या महत्तम आणि न्यूनतम मूल्यांवर त्यांनी 1850 मध्ये ग्रंथ लिहिला, तो पुढे द मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने लंडनला छापवला. "हे आम्हाला बी.एड.ला कोणी सांगितलं नाही," पप्पा जवळजवळ रागावून म्हणाले.

11 मे 1857 ला बंडवाले शिपाई शहरात शिरले, आणि चमनलाल ख्रिस्ती म्हणून मारले गेले. रामचंद्र लपूनछपून निसटले. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा ते परतले. मग रस्त्यातून जाताना एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यात काठी मारली, कारण आता ते काळे होते. ख्रिस्ती असल्याचं सांगूनही उपयोग झाला नाही. रामचंद्रांनी या वागणुकीबद्दल लेखी तक्रार केली.

"तक्रार केली ना?" पप्पांनी दोनदा विचारलं. "लेखी?"

"लेखी."

"बरोबर केलं."

बाहेर ऊन आलं होतं. आम्ही बाकावर बसून संत्री सोलली. आणि का कोण जाणे, तेव्हा मी त्या शेवटच्या नावाचा विषय काढला.

पप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांची वेतनातली एक रक्कम अडली. ती सोडवायला एका सरकारी कार्यालयातल्या एका साहेबांची सही लागत होती. साहेबांना सहीचे पैसे हवे होते, पप्पा ते देणार नव्हते. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. मधल्या काळात मम्मी आजारी पडली. उसने पैसे काढले, तिच्या बांगड्या मोडल्या. ती गेली. एकदा मी पप्पांबरोबर त्या कार्यालयात गेले होते. पप्पा पाऊण तास उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण 'बसा' कोणी म्हणालं नाही. साहेबांनी मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, "मास्तर, गणित शिकवता, एवढा हिशेब कळत नाही?"

त्या दिवसापासून मंडळीत 'अधिकाऱ्यांसाठी' म्हटलं की माझे ओठ मिटतात. मी गीतपुस्तकाची पानं चाळते. हे मी पप्पांना कधी सांगितलं नव्हतं. त्या बाकावर सांगितलं. म्हटलं, मम्मीच्या औषधाचे पैसे ज्याने अडवले त्याचं नाव तिच्या नावाच्या समोरच्या पानावर तुम्ही कसं लिहिता?

पप्पांनी संत्र्याच्या बिया रुमालात गोळा केल्या.

"मलाही जमत नव्हतं," ते म्हणाले. "पौलाने तीमथ्याला लिहिलंय, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करा. त्या वेळी रोममध्ये राजा कोण होता? नीरो. मी म्हणायचो, पौल मोठा माणूस, त्याला जमलं असेल. वर्षभर मी नुसतं नाव घ्यायचो. पुढं काय मागायचं सुचायचं नाही. नाव घेऊन गप्प."

"मग?"

"मग एकदा त्याच्या टेबलाच्या काचेखाली मुलीचा फोटो दिसला. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. त्या रविवारी तिच्यासाठी मागितलं. तेवढं जमलं."

"आणि त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी मागतो की त्याच्या हातून न्याय व्हावा. ते काय गोड मागणं आहे का? राजासाठी प्रार्थना म्हणजे राजाची आरती नव्हे गं. त्याच्या डोक्यावर अजून कोणी आहे, हे त्याच्या वतीने आपण कबूल करतो. तो करत नाही ना, मग आपण करायचं."

मी म्हटलं, हे ऐकायला ठीक आहे, पण यातून माणसं गप्प बसायला शिकतात. शास्त्रातलं तेच वचन पुढे करून किती जणांनी किती जुलूम सोसायला लावला. पप्पांनी ते नाकारलं नाही. पण म्हणाले, "पौल गप्प बसला का? फिलिप्पैत त्याला फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी म्हणाले, गुपचूप जा. तो म्हणाला, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. पुढं तर त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. मी माहितीच्या अधिकारात सात अर्ज टाकलेत. प्रार्थना केली म्हणून अर्ज टाकायचा नाही, असं कुठं लिहिलंय?"

"पैसे आले सगळे?"

"चाळीस हजार राहिलेत. आठवा अर्ज परवाच पोस्टात टाकून आलोय." आणि हसले. "तो साहेबही आता निवृत्त होईल. बघू, त्याची फाइल कोण अडवतं."

मला हसू आलं नाही. पटलं असंही म्हणणार नाही. मम्मीच्या बांगड्या अजून मला स्वप्नात दिसतात. पण पप्पा वर्षभर फक्त नाव घेऊन गप्प बसत होते, हे मला नवीन होतं. मी त्यांना जन्मापासून तयार झालेले संत समजत होते, आणि त्यांच्यावर त्याचाच राग होता.

परतीच्या मेट्रोत गर्दी होती. एका मुलाने उठून पप्पांना जागा दिली. बसल्यावर त्यांनी वही काढली आणि म्हणाले, "यिर्मयाने बाबेलला नेलेल्या यहुद्यांना काय कळवलं होतं? ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं मागा, त्यातच तुमचं भलं आहे. तू इथं नऊ वर्षं राहतेस. तुमचा नगरसेवक कोण?"

"इथे पार्षद म्हणतात."

"नाव काय?"

मला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल, फुटलेल्या पदपथाबद्दल आणि पाण्याच्या टँकरबद्दल मी नऊ वर्षं ज्या माणसाला शिव्या देते आहे, त्याचं किंवा तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी फोन काढला. भुयारात रेंज येत-जात होती. राजीव चौकला उतरायची वेळ आली तरी पान उघडेना. पप्पांनी उजव्या पानावर, सगळ्यात खालच्या नावाच्या खाली, 'द्वारका' लिहिलं, पुढे एक लांब मोकळी जागा सोडली, आणि पेनाला टोपण लावून माझ्या हातात दिलं.